पद नाही, बजेट नाही. तरी ऑफिस सगळ्यांचं कसं करायचं?

(ही या भागाची लिखित प्रत. बोलतानाचे ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ शक्य तेवढे काढले आहेत. बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय जरा अवघडल्यासारखा वाटेल. डायव्हर्सिटी आणि इन्क्लूजन. हे दोन शब्द ऐकले की डोळ्यांसमोर काय येतं? एचआरचा ईमेल, सगळ्यांनी हात उंचावलेला एक फोटो, आणि संपेपर्यंत ‘नेक्स्ट’ दाबत बसायचं एक ट्रेनिंग. मलाही तेच दिसायचं. त्यामुळे आज व्याख्येपासून सुरू करत नाही. आधी माझी एक चूक सांगतो.

शुक्रवारचं टाइमशीट

तेव्हा मला नोकरीला लागून दीडएक वर्ष झालं होतं. हिंजवडीतलं ऑफिस. पहिल्यांदाच एक काम पूर्णपणे माझ्या एकट्याच्या वाट्याला आलं होतं: कंपनीच्या आतल्या वापरासाठी टाइमशीट भरायचं नवीन पान. जुनं पान अगदी सरकारी फॉर्मसारखं होतं, बघवत नव्हतं. मी तीन आठवडे खपलो. गोल कोपऱ्यांची बटणं, फिकट करडी अक्षरं, तारीख निवडायला छोटंसं कॅलेंडर. डेमोला टाळ्या पडल्या. घरी आईला फोन करून सांगितलं, इतका खूश होतो.

दोनेक महिन्यांनी कँटीनमध्ये टेस्टिंग टीममधला एक सहकारी भेटला. तो अंध आहे. स्क्रीन रीडर वापरून काम करतो, म्हणजे स्क्रीनवर जे असेल ते कॉम्प्युटर त्याला वाचून दाखवतो. त्याने विचारलं, “ते नवीन टाइमशीट तू केलंस ना?” मी म्हटलं, “हो!” मला वाटलं आता कौतुक होणार.

तो म्हणाला, “छान दिसतं म्हणतात सगळे. फक्त मला आता दर शुक्रवारी कुणाला तरी बोलवावं लागतं भरायला. जुनं मी स्वतः भरायचो.”

आवाजात राग वगैरे काही नव्हता. उद्या पाऊस आहे म्हणतात, असं सांगावं तसं सांगितलं. मी म्हटलं, “अरे, मग तिकीट टाकायचं ना!” तो म्हणाला, “टाकलंय की.”

जागेवर येऊन शोधलं. तिकीट होतं. सात आठवडे जुनं होतं आणि माझ्याच नावावर होतं. खाली शेरा होता: ‘एकच युजर, प्रायॉरिटी लो.’ तो शेरा मीच लिहिला होता.

मंडळी, मला त्या माणसाबद्दल काही आकस नव्हता. चहाला आम्ही एकत्र जायचो. आणि तरीही मी त्याच्या हातातलं एक काम काढून घेतलं होतं, आणि त्याने सांगितल्यावर ‘लो’ म्हणून बाजूला सारलं होतं. आजचा सगळा भाग या एका तिकिटावर उभा आहे.

पंगतीला बोलावणं आणि पानात वाढणं

डायव्हर्सिटी म्हणजे काय आणि इन्क्लूजन म्हणजे काय? मी ते पंगतीवरून समजून घेतो. पंगतीला कुणाकुणाला बोलावलं, ही डायव्हर्सिटी. बसल्यावर प्रत्येकाच्या पानात नीट वाढलं का, हे इन्क्लूजन. आपल्याकडे याला उलटा शब्द कधीचाच आहे: पंक्तिप्रपंच. सगळे एकाच ओळीत बसलेत, पण एकाला तूप दोन वेळा आणि दुसऱ्याकडे वाढपी फिरकतच नाही. माझ्या कंपनीने त्या सहकाऱ्याला बोलावलं होतं, पाटही दिला होता. वाढपी मी होतो.

आपल्या वयाच्या लोकांना, म्हणजे दोन-चार वर्षं अनुभव असलेल्यांना, वाटतं की हे काम वरच्यांचं आहे. धोरण ते ठरवणार, बजेट त्यांच्याकडे. ते खरंच आहे. पण रोज वाढतं कोण? कोड आपण लिहितो, मीटिंगमध्ये आपण बसतो, नवीन आलेल्याला पहिल्या दिवशी जेवायला आपण नेतो. त्यामुळे आज फक्त आपल्या हातात जे आहे तेवढंच बोलू.

पहिली जागा: आपला कोड

ते टाइमशीट नेमकं कुठे फसलं होतं ते सांगतो. टेक्निकल आहे, पण सोपं आहे.

एचटीएमएलमध्ये बटण बनवायला ‘बटन’ नावाचा टॅग आहे. मी तो वापरलाच नव्हता. साधा ‘डिव्ह’ घेतला, म्हणजे एक रिकामा डबा, त्याला रंग दिला, गोल कोपरे दिले आणि क्लिक केल्यावर काय व्हायचं ते जावास्क्रिप्टमध्ये लिहिलं. डोळ्यांना ते बटणच दिसतं. पण कीबोर्डवरची टॅब की दाबत गेलात तर फोकस त्याच्यावर थांबतच नाही, आणि स्क्रीन रीडर त्याला ‘बटण’ म्हणत नाही. कारण ब्राउझरच्या लेखी तो नुसता डबा आहे. खरा ‘बटन’ टॅग वापरला असता तर या दोन्ही गोष्टी फुकट मिळाल्या असत्या. म्हणजे मी जास्त मेहनत करून वाईट काम केलं होतं.

दुसरी चूक: रकान्यांना लेबल जोडलेली नव्हती. समोर ‘तास’ असं लिहिलेलं होतं, पण ती अक्षरं आणि तो रकाना यांचा संबंध कोडमध्ये कुठेच नव्हता. त्याला ऐकू यायचं फक्त ‘एडिट, रिकामं’. असे पस्तीस रकाने. सोमवार कुठला, शुक्रवार कुठला, देव जाणे.

तिसरी: चूक झाली की रकान्याची कड लाल व्हायची, बस. शब्दांत काहीच नाही. हे अंध माणसाला तर कळत नाहीच, पण लाल-हिरवा रंग वेगळा न ओळखणाऱ्यालाही कळत नाही. आणि चौथी चूक म्हणजे माझी लाडकी फिकट करडी अक्षरं. वेबसाठी डब्ल्यूसीएजी नावाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, १९९९ पासून. त्यातली नेहमी वापरली जाणारी पातळी सांगते की साध्या आकाराची अक्षरं आणि मागचा रंग यांच्या उजळपणाचं गुणोत्तर किमान ४.५ ला १ असावं. माझी अक्षरं त्याच्या बरीच खाली होती. चाळिशी लागलेले मॅनेजर स्क्रीनजवळ नाक नेऊन वाचायचे, आणि मला वाटायचं लक्ष देऊन वाचतायत.

दुरुस्तीला किती वेळ लागला? दीड दिवस. सात आठवडे पडून राहिलेलं काम दीड दिवसाचं होतं.

तुम्हाला हे आजच तपासता येईल. माऊस बाजूला ठेवा आणि तुम्ही केलेलं पान फक्त टॅब, एंटर आणि बाणांच्या कळांनी वापरून बघा. कुठे अडकलात ते लिहून ठेवा. मग एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर विंडोजवर घ्या. तो फुकट आणि ओपन सोर्स आहे. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन यांनी तो २००६ मध्ये सुरू केला. ते स्वतः अंध आहेत, आणि महागडी सॉफ्टवेअर घेणं प्रत्येकाला परवडत नाही हे त्यांना माहीत होतं. तो चालू करा, डोळे मिटा आणि स्वतःचा फॉर्म भरून बघा. मला पहिल्यांदा चार मिनिटंही धीर धरवला नाही.

यातली गंमत पुढे कळली. कीबोर्डवर चालणारं टाइमशीट सगळ्यात जास्त कुणाला आवडलं असेल? अकाउंट्सच्या लोकांना. त्यांना माऊसला हात लावायचाच नसतो. आणि बाइकवरून पडून उजवा हात प्लास्टरमध्ये गेलेल्या आमच्या एका लीडला.

कोडमधलीच अजून एक गोष्ट: नाव. आपण मराठी माणसं स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव असं लिहितो, आणि सगळं जग तसंच लिहितं असं धरून चालतो. आमच्या फॉर्ममध्ये ‘लास्ट नेम’ भरल्याशिवाय पुढे जाताच यायचं नाही. तमिळनाडूतल्या एका सहकारी मुलीला आडनावच नाही, नावापुढे वडिलांच्या नावाचं आद्याक्षर आहे फक्त. तिने तिथे एक टिंब टाकलं. मग वर्षभर सगळ्या ईमेलमध्ये तिच्या नावापुढे टिंब. पासपोर्टवर एकच नाव असलं तर अमेरिकेच्या व्हिसावर ‘एफएनयू’, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही, असं छापून येतं, आणि तिकडे लोकांना खरोखर त्या नावाने हाक मारली जाते. का? तर कुणीतरी डेटाबेसमध्ये एक रकाना सक्तीचा केला. तो कुणीतरी म्हणजे आपल्यातलाच एक.

दुसरी जागा: मीटिंग आणि जेवणाचं टेबल

माझं शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमात, परभणी जिल्ह्यात. बीटेकला इंग्रजी वाचता-लिहिता आलं, पण बोलणं? नोकरीच्या पहिल्या वर्षी मीटिंगमध्ये मी मनात वाक्य जुळवायचो, ते जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. रिव्ह्यूमध्ये शेरा मिळाला: ‘क्वाएट, नीड्स टु टेक ओनरशिप.’ मी गप्प नव्हतो हो, भाषांतर करत होतो!

मला यातून काढलं ते एका सीनियर मॅडमच्या साध्या सवयीने. त्या मीटिंगच्या आदल्या दिवशी मुद्दे लिहून पाठवायच्या आणि म्हणायच्या, ज्याला जे वाटतं ते खाली लिहून ठेवा. मीटिंगची सुरुवात त्या लिहिलेल्यावरून. मला रात्री अर्धा तास मिळायचा. तेवढा पुरायचा. माझा पहिला डिझाइनचा मुद्दा असाच मान्य झाला. आज मी मीटिंग घेतो तेव्हा हेच करतो. याला परवानगी लागत नाही.

आता माझी दुसरी चूक. आमच्या टीममध्ये पुढे मराठी मंडळी वाढली. जेवणाच्या टेबलावर मस्त मराठी. मला तर माहेरी आल्यासारखं झालं. टेबलावर मणिपूरचा एक मुलगा असायचा. तो हळूहळू हेडफोन लावून जेवायला लागला, आणि आम्ही म्हणायचो, ‘एकलकोंडा आहे जरा.’ जे इंग्रजीने माझं केलं, तेच मी मराठीने त्याचं करत होतो. आणि नुकसान फक्त गप्पांचं नव्हतं. कुठल्या प्रोजेक्टला माणसं हवीत, कुठला मॅनेजर कसा आहे, हे सगळं कळतं ते जेवणाच्या टेबलावरच. तो सगळं सगळ्यांच्या शेवटी ऐकायचा.

मराठी बोलू नका असं मी म्हणत नाही. पुण्यात मराठी नाही बोलायची तर कुठे बोलायची? फक्त कामाचा विषय निघाला की सगळ्यांना कळेल त्या भाषेत यायचं, आणि मध्येच कुणीतरी ‘अरे, आम्ही काय हसतोय सांगतो तुला’ म्हणायचं. त्यालाही मराठी शिकायची होती, असं नंतर कळलं. कुणी विचारलंच नव्हतं.

मीटिंगमधलं आणखी एक. मिनिट्स कोण लिहितं? फेअरवेलचा केक कोण मागवतं? ग्रीटिंग कार्डावर सगळ्यांच्या सह्या कोण गोळा करतं? आमच्याकडे आठ जणांत दोन मुली, आणि हे सगळं त्यांच्याकडे. कुणी सक्ती केली नव्हती. ‘तिचं अक्षर छान आहे.’ अहो, मिनिट्स लॅपटॉपवर लिहितात, अक्षराचा काय संबंध? आणि जी मिनिट्स लिहिते तिला मध्येच वाद घालता येत नाही, कारण तिचे हात गुंतलेले असतात.

यावर मी भाषण दिलं नाही. वीस ओळींची एक स्क्रिप्ट लिहिली. दर सोमवारी ती चॅटवर नाव टाकते: या आठवड्याची मिनिट्स अमुक, केक तमुक. पाळीपाळीने, मॅनेजरसकट. पहिल्याच महिन्यात मॅनेजरने मिनिट्स लिहिली आणि त्यानंतर आमच्या मीटिंग आपोआप लहान झाल्या.

तिसरी जागा: इंटरव्ह्यू पॅनेल

दोन-तीन वर्षं झाली की तुम्हाला इंटरव्ह्यू घ्यायला बसवतात. आपल्याला वाटतं, वा, बढती! पण विचार करा, दारावर कोण बसलंय? आपण.

इथे एक अभ्यास सांगायलाच हवा. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त तो प्रसिद्ध केला. त्यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना अर्ज पाठवले. शिक्षण आणि पात्रता सारखी, बदललं ते फक्त नाव: काही अर्जांवर उच्चवर्णीय वाटणारं, काहींवर दलित, काहींवर मुस्लिम. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढे बोलावणं येण्याची शक्यता साधारण दोन-तृतीयांश निघाली आणि मुस्लिम नावाला साधारण एक-तृतीयांश. त्या अर्जांत दुसरा काही फरकच नव्हता.

मग मशीनला निवड करू द्यावी का? तेही सरळ नाही. ॲमेझॉनने बायोडेटा चाळायला एक प्रोग्रॅम बनवला होता. आधीच्या दहा वर्षांच्या अर्जांवर तो शिकला, आणि ते बहुतेक पुरुषांचे होते. त्यामुळे ‘विमेन्स’ हा शब्द असलेले बायोडेटा तो खाली ढकलायला लागला. रॉयटर्सने २०१८ मध्ये ही बातमी दिली, तोवर कंपनीने ते काम गुंडाळलं होतं. आपण जे शिकवू तेच मशीन शिकतं. आपण पंक्तिप्रपंच शिकवला, ते शिकलं.

मग करायचं काय? चार साध्या गोष्टी. प्रश्न आधी ठरवा आणि सगळ्या उमेदवारांना तेच विचारा. चांगलं उत्तर म्हणजे काय, तेही आधी लिहून ठेवा. पॅनेलमधल्या प्रत्येकाने आपापले गुण एकमेकांशी बोलण्याआधी टाका, नाहीतर सगळ्यात सीनियर माणूस जे म्हणेल तिकडे सगळे झुकतात. आणि ‘कल्चर फिट नाही’ असं कुणी म्हटलं तर नम्रपणे विचारा, “म्हणजे नेमकं काय?” बऱ्याचदा उत्तर असतं की आपल्यासारखा बोलत नाही.

हे मी सांगतोय खरं, पण पहिल्या वेळी माझी हिंमत झाली नव्हती. तीन वर्षांच्या गॅपनंतर परत येणारी एक उमेदवार होती. कोडिंग उत्तम केलं तिने. माझ्या शेजारी बसलेल्या सीनियरने विचारलं, “घरी मुलाला बघायला कोण आहे?” तिने हसून उत्तर दिलं, सासूबाई आहेत म्हणून. मी खाली बघत वहीत काहीतरी गिरवत बसलो. तिची निवड झाली नाही. कारण तोच प्रश्न होता की आणखी काही, मला माहीत नाही. पण मी गप्प बसलो हे मला माहीत आहे.

पुढच्या वेळी तसाच प्रश्न आला तेव्हा मी म्हटलं, “सर, आपल्या शीटवर हा प्रश्न नाहीये. पुढचा घेऊ का?” एवढंच. हात थरथरत होते टेबलाखाली. आकाश कोसळलं नाही. सर ‘हो हो’ म्हणाले आणि पुढे गेले. लिहिलेल्या शीटचा हा फायदा असतो, ज्युनिअरला बोट ठेवायला एक कागद मिळतो.

चौथी जागा: आडनाव

हा भाग मी घ्यावा की नाही असा विचार करत होतो. पण महाराष्ट्रात राहून हे टाळलं तर बाकी सगळं खोटं वाटेल.

“पूर्ण नाव काय?” हा प्रश्न आपण किती सहज विचारतो! “गाव कुठलं? म्हणजे मूळचे?” “सीईटीला रँक किती होता?” विचारणाऱ्याच्या मनात कधी काही नसतं, कधी असतं. पण ऐकणारा दर वेळी मनात हिशोब मांडतो. माझा एक मित्र ऑफिसात फक्त स्वतःचं आणि वडिलांचं नाव लावतो. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाला, “कळल्यावर लोक वाईट वागत नाहीत रे. जरा वेगळं वागतात.” आरक्षणावरून कँटीनमध्ये चर्चा पेटते तेव्हा तो कुठे बघत असतो, ते मी त्यानंतर बघायला लागलो. पाण्याच्या ग्लासाकडे.

हे फक्त इथलं नाही. आपली माणसं जिथे गेली तिथे हे सोबत गेलं. म्हणून तर अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये आपल्या भेदभावविरोधी कायद्यात ‘जात’ हा शब्द घातला. तिथलं असं करणारं ते पहिलं शहर. सॉफ्टवेअर कंपन्यांचं शहर आहे ते, योगायोग नव्हे.

आपण काय करू शकतो? आडनाव खोदून विचारायचं नाही. कुणाची जात आपल्याला कळली असेल तर ती दुसऱ्याला सांगायची नाही, कौतुकानेही नाही. ‘तुमच्या समाजाला काय वाटतं?’ असं विचारून एका माणसाला सगळ्यांचा प्रवक्ता करायचं नाही. आणि कँटीनमध्ये कुणी ‘कोट्यातून आलेले’ म्हणून हसलं तर ते हसू तिथेच थांबवायचं. ‘यार, नको हे’ एवढंही पुरतं. ज्याला लागतं त्यालाच दर वेळी बोलायला लावू नका.

पाचवी गोष्ट: कायदा ज्युनिअरलाही माहीत हवा

थोडक्यात सांगतो, कारण नवीन मुलामुलींना हे कुणी सांगत नाही.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा. त्याच्या मुळाशी राजस्थानातल्या भंवरी देवी आहेत. बालविवाह रोखायच्या सरकारी कामामुळे त्यांच्यावर १९९२ मध्ये सामूहिक बलात्कार झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये विशाखा मार्गदर्शक तत्त्वं दिली. एसी ऑफिसातल्या आपल्या सगळ्यांना मिळालेलं हे संरक्षण एका खेड्यातल्या बाईच्या लढ्यातून आलंय, हे विसरू नका. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी. अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्या तरी सदस्य महिला, आणि एक सदस्य बाहेरचा. तक्रार लेखी, साधारणपणे तीन महिन्यांच्या आत. समितीची नावं तुमच्या ऑफिसात कुठे लावलीत? माहीत नसेल तर उद्या विचारा. विचारायला तक्रार असावी लागत नाही.

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत महिलेला तिच्या संमतीशिवाय कामाला लावता येत नाही, आणि संमती असली तरी सुरक्षेची आणि घरी सोडण्याची व्यवस्था मालकाची. प्रसूती रजा २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे, आणि पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. आधीच्या कायद्यात सात प्रकारची दिव्यांगत्वं होती, यात २१ आहेत, आणि प्रत्येक आस्थापनेने समान संधीचं धोरण जाहीर करावं असं तो सांगतो. हे धोरण मागून घ्या. आमच्याकडे ते होतं. एका फोल्डरमध्ये. स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये, म्हणजे स्क्रीन रीडरला वाचता न येणाऱ्या.

जे आपल्या हातात नाही

आता खरं बोलतो. या सगळ्याची किंमत असते. माझ्या एका रिव्ह्यूमध्ये मॅनेजर म्हणाले, “हे सगळं चांगलं आहे, पण मी हे कुठल्या रकान्यात बसवू?” त्या वर्षी पगारवाढ बेताचीच झाली. म्हणून सल्ला देतो: हे काम समाजसेवा म्हणून करू नका, काम म्हणून करा. तिकीट काढा, वेळ नोंदवा, आधी काय होतं आणि नंतर काय झालं ते लिहा. ‘पान अ‍ॅक्सेसिबल केलं’ असं नको, ‘आधी हे पान कीबोर्डवर पूर्ण भरता येत नव्हतं, आता येतं’ असं लिहा. आणि एक सीनियर माणूस शोधा, ज्याला हे पटतं. एकटे लढलात तर दमाल.

दुसरं, आठ मार्चला गुलाब वाटणारं ऑफिस एका स्क्रिप्टने बदलत नाही. पगारातली तफावत, बढत्या, कंत्राटी हाउसकीपिंगच्या मावशींना कुठल्या टेबलावर जेवायला बसू देतात, हे आपल्या पातळीवर सुटत नाही. पण विचारता येतं.

विचारण्यावरून एक गोष्ट आठवते, तुम्हाला माहीत असेल. १९७४ साली पुण्याच्या टेल्कोची इंजिनिअर हवेत अशी जाहिरात होती, खाली ओळ: महिलांनी अर्ज करू नये. बेंगळुरूत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थिनीने थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड लिहिलं. तिला इंटरव्ह्यूला बोलावलं, घेतलंही. त्या सुधा मूर्ती. आपण ही गोष्ट धाडसाची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण मला त्यातली दुसरी बाजू महत्त्वाची वाटते: ते पोस्टकार्ड तिकडे कुणीतरी वाचलं आणि ‘लो प्रायॉरिटी’ असा शेरा मारला नाही.

आपण रोज दोन्ही असतो. कधी पोस्टकार्ड लिहिणारे, आणि बऱ्याचदा, लक्षात न येता, ते मिळालेले.

चला, थांबतो. गृहपाठ एकच: या आठवड्यात अर्धा तास माऊस काढून ठेवा आणि आपणच केलेलं काहीतरी वापरून बघा. काय सापडलं ते मला नक्की कळवा.

आणि हो, त्या सहकाऱ्याचं काय झालं ते राहिलंच. परवा शुक्रवारी संध्याकाळी सगळ्यांना एचआरचा रिमाइंडर आला: खालील लोकांनी टाइमशीट भरलेलं नाही. यादीत माझं नाव होतं. त्याच्या खाली त्याचं. मी त्याच्या डेस्कवर घाबरतच गेलो, म्हटलं परत काही मोडलं की काय?

तो म्हणाला, “नाही रे. कंटाळा केला. तू नाही का करत?”

भेटू पुढच्या भागात. नमस्कार!